पहिला इंच नसलेला टेप

१२ डिसेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटे. परिचारिकेने कागदावर सव्वानऊ लिहिले होते; मी तिला ते दुरुस्त करायला लावले. तीन मिनिटांनी आता काय फरक पडतो, असे तिने विचारले नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होते. आत्या, तू शुद्धीत असतीस तर तिला म्हणाली असतीस की या पोरीच्या नादी लागू नका, हिला अर्धा इंचही इकडचा तिकडे झालेला चालत नाही. आणि मग मला ऐकू जाईल अशा बेताने पुढे जोडले असतेस, "माझ्याकडूनच शिकलीय."

काल तुझा तेरावा झाला. वालूरच्या घरी अजून पाहुणे आहेत. मी सकाळच्या बसने सेलूला, स्टेशन रोडवरच्या तुझ्या खोलीवर आले आहे. मशीनवर तू घातलेले फडके मी अजून काढलेले नाही. समोर तुझी वही आहे आणि वहीशेजारी तुझा टेप.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण, हे सारे अण्णांनी, तुझ्या भावाने, वर्तमानपत्रात छापून आणले आहे. त्यात तुला 'सेलूतील सुपरिचित लेडीज टेलर' म्हटले आहे, ते खरेच आहे. तुझी उंची मात्र कुणी लिहिली नाही, आणि तुझ्याविषयी सर्वांत आधी सांगायची गोष्ट तीच होती.

पाच फूट नऊ इंच. एकोणसत्तर. तुझ्या तरुणपणी वालूरमध्ये एवढ्या उंचीची मुलगी असणे म्हणजे काय, हे तू मला दुःखाने कधी सांगितले नाहीस. सांगितलेस ते हसतच. पाहुणे पाहायला येणार असले की आजी तुला आधीच पाटावर बसवून ठेवायची. पोहे दुसरे कुणी आणायचे. नमस्कारही बसल्या जागेवरून. "बसलेली असले की लग्न ठरलेलं असायचं," तू म्हणायचीस, "उभी ऱ्हायले की मोडायचं." कारण कुणीतरी शेवटी म्हणायचेच की मुलीला जरा चालू द्या. जिंतूरच्या एका मुलाने तू उभी राहताच आपली टोपी किंचित वर ओढून घेतली होती. त्याची नक्कल तू इतकी हुबेहूब करायचीस की तो मनुष्य मी पाहिल्यासारखा वाटतो. अकरा स्थळे आली आणि गेली. बारावे येण्याआधी तूच अण्णांना सांगितलेस की आता पुरे, आणि सेलूला येऊन करीमचाचांच्या दुकानात काज-बटणाला बसलीस.

वहीचा उगम तिथलाच. कापड ज्या जुन्या कागदांत गुंडाळून यायचे त्यातला एक कागद मासिकाचे पान निघाला. लंडनात दरवर्षी भरणाऱ्या त्या जागतिक सौंदर्यस्पर्धेची बातमी, आणि मंचावर एका ओळीत उभ्या राहिलेल्या देशोदेशींच्या मुलींचे छायाचित्र. छायाचित्राखाली नावे होती, आणि नावांपुढे उंची. तू ते आकडे बोट ठेवून वाचलेस. ओळीतल्या जवळजवळ सगळ्या तुझ्याएवढ्या होत्या. जगात एक अशी जागा आहे, जिथे तू मध्ये उभी राहिलीस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, हे तुला त्या दिवशी कळले. लोक समजत राहिले की तुला मुकुटाचे आणि झग्यांचे वेड आहे. मीसुद्धा पुष्कळ वर्षे तसेच समजत होते.

मी आठवीत शाळेसाठी तुझ्याकडे राहायला आले तेव्हा वही निम्मी भरली होती. सेलूच्या वाचनालयातले जुने अंक चाळून तू मागची वर्षेही शोधून काढली होतीस. रकाने पाच: वर्ष, देश, उंची, झग्याचा रंग, आणि शेवटचा 'पुढे'. पहिल्या ओळीत स्वीडन. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनात एका उत्सवाची जाहिरात म्हणून पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची रांग लावली गेली आणि त्यातून ही स्पर्धा निघाली, हे तू शेजारी बारीक अक्षरात लिहिले होतेस. १९६६ च्या ओळीत आपला देश पहिल्यांदा येतो. जिंकलेली मुलगी वैद्यकाची विद्यार्थिनी होती. वर्षभर मुकुट वागवून ती पुन्हा अभ्यासाकडे वळली. 'पुढे' या रकान्यात तू दोन शब्द लिहिलेस, डॉक्टर झाली, आणि खाली दुहेरी रेघ ओढलीस. त्या रकान्यातल्या बहुतेक जागा रिकाम्या आहेत. का, असे मी विचारले तेव्हा तू म्हणालीस की मुकुट घालताना सगळे बघतात, नंतर कुणी बघत नाही, म्हणून मला कळत नाही. पण कळेल म्हणून जागा सोडून ठेवायची.

भूगोल मी त्या वहीवरून शिकले. निकाल लागला की तू देशाचे नाव सांगायचीस आणि मी नकाशात तो शोधायचा. १९७० च्या ओळीतल्या ग्रेनाडापाशी आपण दोघी अडलो होतो. मी सरांना विचारले, सरांनी स्पेनमधले शहर दाखवले. तुला ते पटेना. शेवटी वाचनालयातल्या मोठ्या नकाशावर, कॅरिबियन समुद्रात, तिळाएवढे बेट सापडले. दुसऱ्या दिवशी ब्लाउजच्या मापाला आलेल्या प्रत्येक बाईला तू ते सांगितलेस, आणि बायांनीही हात वर करून, दंडाचे माप देता देता, ग्रेनाडाविषयी ऐकून घेतले.

आता टेपविषयी. तुझी गाठ न पडलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागेल, म्हणून नीट सांगते. हा टेप करीमचाचांचा. पितळी टोक तुटून पहिला इंच झिजला, तेव्हा त्यांनी तो एकच्या रेघेवर सरळ कापून टाकला आणि पुढे तुला दिला. त्यामुळे तो एकपासून सुरू होतो. कमर एकतीस दिसली तर ती असते तीस. तू प्रत्येक आकड्यातून मनातल्या मनात एक वजा करूनच लिहायचीस. नवा टेप दहा-वीस रुपयांना मिळत असताना तू हा सोडला नाहीस, कारण मुलगी शिलाई शिकायला आली म्हणून इतर दुकानांनी तुला परत पाठवले होते आणि चाचांनी बसायला स्टूल दिले होते.

नववीत विज्ञान प्रदर्शनात मला बक्षीस मिळाले. त्या पैशांतून मी तुझ्यासाठी नवाकोरा टेप आणला आणि जुना माझ्या कंपासपेटीत लपवून ठेवला. तू खूश झालीस, गळ्यात घालून आरशात पाहिलेस. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. त्या आठवड्यात तू चौदा ब्लाउज शिवलेस, आणि चौदाही एक इंच तंग झाले. टेप बदलला होता, पण तुझा हात वजा करतच राहिला. आधी सोनारगल्लीतल्या काकू आल्या. श्वास आत ओढून धरलेल्या. "शकूताई, आज महालक्ष्मीचं जेवण हाय. मी जेवू का श्वास घेऊ, एक काय ते सांगा." मग दुसरी, मग तिसरी. तू कुणालाही माझे नाव सांगितले नाहीस. माझा डोळा आज जरा दगा द्यायलाय, असे म्हणून तू सगळ्यांच्या शिवणी उसवायला बसलीस. मी रडत कंपासपेटीतून जुना टेप काढून दिला तेव्हा तू तो हातात घेऊन म्हणालीस, "रुतू, चुकीच्या टेपनंबी बरोबर माप घेता येतंय. किती चुकीचा हाय ते तेवढं ठाऊक पायजे."

दोन वर्षांनी अकरावीच्या प्रयोगशाळेत सरांनी व्हर्नियर मापकाची शून्यत्रुटी फळ्यावर लिहिली. वर्गात ती पहिल्या वाक्यात कळलेली मी एकटीच होते. आज मी पुण्यात पीएचडी करते ती अचूक मापनाच्या उपकरणांवर, आणि प्रत्येक मुलाखतीत मला विचारतात की या विषयाकडे कशा वळलात. मी दर वेळी काहीतरी सुसंस्कृत उत्तर देते. खरे उत्तर चौदा तंग ब्लाउज हे आहे.

आपला वाद मात्र अर्धाच राहिला. बारावीत मी वक्तृत्वस्पर्धेत सौंदर्यस्पर्धांच्या विरोधात बोलले. सगळी माहिती तुझ्या वहीतली होती. ज्या वर्षी ग्रेनाडाची सावळी मुलगी जिंकली त्याच वर्षी लंडनच्या त्या सभागृहात बायकांनी निषेध म्हणून पीठ फेकले. आपल्याकडे बंगळूरला स्पर्धा भरली तेव्हा मोर्चे निघाले आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी परदेशातल्या बेटांवर न्यावी लागली. स्त्रीला आकड्यांत मांडणारी मोजपट्टीच सदोष आहे, असा माझा निष्कर्ष होता. पहिला क्रमांक आला. त्या भाषणासाठी अंगावर होता तो ड्रेस तूच शिवला होतास आणि प्रमाणपत्राच्या पावतीवर पालक म्हणून सही तुझी आहे.

घरी येताना कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, म्हणून आपण कडेने चालत होतो. रेल्वेफाटक दिसू लागले. मग तू म्हणालीस, "पीठ वाया घालवलं त्या बायांनी." मी चिडले. तेव्हा तू थांबलीस आणि सरळ माझ्याकडे पाहिलेस. खाली पाहिलेस, म्हणायला हवे. "आपल्याकडं पोरगी पाहायला येतेत तवा काय करतेत? चाल म्हणतेत, बोल म्हणतेत, रंग बघतेत. तिथंबी तेच. फकस्त तिथं जिंकली की मुकुट देतेत, आपल्याकडं जिंकली की सैपाक."

मी म्हटले, एक मोजपट्टी वाईट आहे म्हणून दुसरी चांगली ठरत नाही. तू म्हणालीस, न्हाई ठरत. मग तू त्या वहीत काय जपतेस, असे मी विचारले, आणि नेमकी तेव्हा फाटकाची घंटा वाजली, मालगाडी आली. गाडी लांबलचक होती. ती गेल्यावर तू भाजीचे काहीतरी बोललीस. पुढे कधीतरी त्या स्पर्धेतून पोहण्याच्या पोशाखाची फेरीच काढून टाकली, त्याची बातमी मी तुला दाखवायला आणली. माझा मुद्दा सिद्ध झाला, असे मला म्हणायचे होते. तू आधीच वहीच्या समासात लिहून ठेवले होतेस: पीठवाल्यांचं ऐकलं, लय वर्सांनी. त्या ओळीत आनंद होता. तू कोणत्या बाजूची होतीस, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुधा मंचावरच्या मुलीची आणि पीठ फेकणाऱ्या बाईची, दोघींची.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपला एक रिवाज होता. नव्या विजेतीची ओळ वहीत भरून झाली की तू दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायचीस आणि मी स्टुलावर चढून तुझ्या डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलने खूण करायचे. मग माप. टेप साठ इंची आणि तू त्याहून उंच, म्हणून तो दोनदा लावावा लागे: जमिनीपासून साठच्या रेघेपर्यंत एकदा, तिथून खुणेपर्यंत पुन्हा. दोन्ही वेळा तो एकपासूनच सुरू व्हायचा, म्हणून दोन वजा. साठ आणि अकरा, एकाहत्तर; त्यातून दोन गेले, एकोणसत्तर. हा आकडा वहीच्या मागच्या पानावर, तारखेसह. "बघा," तू म्हणायचीस, "अजून पात्र हाय मी." मी शाळेत असेपर्यंतची सगळी वर्षे एकोणसत्तरच आहे. पुण्याला गेल्यावरही एकदा मी मुद्दाम आले होते, जमैकाची मुलगी जिंकली तेव्हा. अर्धा इंच कमी भरला. वय, तू म्हणालीस. वय, मी म्हटले.

त्यानंतर तू एकटीच मोजू लागलीस. डोक्यावर वही, हाताने चाचपून खूण, मग टेप. आकडा मला फोनवर सांगायचीस. पोलंडच्या वेळी अडुसष्ट. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मार्च २०२४. स्पर्धा मुंबईत झाली, चेकियाची मुलगी जिंकली. तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, एका हातात मोजणीची पट्टी आणि कानाशी तू. सदुसष्ट आलंय, तू म्हणालीस. दोन वर्षांत एक इंच म्हणजे फार होते. मी विचारले, वजा किती केलेस? दोन, तू म्हणालीस. आणि मी, आत्या, ज्या मुलीने स्टुलावर उभे राहून हेच माप कितीदा घेतले होते तीच मी, उपकरणाकडे पाहत तुला म्हणाले, "तिथंच चुकलं. शून्यत्रुटी एकदाच वजा करतात." तुझ्या टेपची लांबी मी विसरले होते. तो दोनदा लावावा लागतो हे विसरले होते. माझ्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातले वाक्य होते.

"असं का? मग अडुसष्ट लिहू?"

"लिही."

वहीत ते पान माझ्यासमोर आहे. सदुसष्टवर एक तिरपी रेघ, शेजारी अडुसष्ट. इतक्या वर्षांत या वहीत तू केलेली ही पहिली खाडाखोड.

यंदाच्या मे महिन्यात स्पर्धा हैदराबादला आली. इतकी जवळ ती पुन्हा येणार नाही, रेल्वेने एका रात्रीची वाट, असे तू एप्रिलपासून म्हणत होतीस. मला सोबत चल म्हणालीस. त्या मुली जुन्या शहरात बांगड्यांचा बाजार पाहायला जाणार आहेत, तेवढेच लांबून बघू. आत जायचे तिकीट नको. मी उपकरणाच्या वेळापत्रकाचे कारण दिले. तू पुन्हा विचारलेस तेव्हा मी म्हणाले की असल्या जत्रेला मी येणार नाही. 'जत्रा' हा शब्द मी वापरला, आणि तू जत्रेत बांगड्या विकणाऱ्या बाईचेही माप आदराने घेणारी, तुला तो लागला असणार. तू म्हणालीस, बरं माय.

आणि तू एकटी गेलीस. परतल्यावर फोनवर तुझा आवाज वीस वर्षांच्या मुलीचा होता. चारमिनारच्या बाजूला केवढी गर्दी, पोलिसांनी दोर लावलेले, लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे. "मला कुणाच्या खांद्याची गरज पडली न्हाई. समद्यांच्या डोक्यावरून दिसलं." मागचा एक म्हातारा सारखा म्हणत होता, अम्मा, जरा झुको, हमना कुछ दिखताच नईं. जन्मभर तू वाकत आलीस, बसमध्ये, दारांत, लग्नांच्या पंगतीत, छायाचित्रांत. "आज मी वाकले न्हाई," तू म्हणालीस. त्या मुलींपैकी एक, देश कोणता ते तुला कळले नाही, दोराजवळून जाताना थांबली आणि तुझ्याकडे पाहून हात जोडून गेली. मान वर न करता, तू दोनदा सांगितलेस. सरळ समोर पाहून.

मला तेव्हा हे वाक्य फार आवडले होते, मी वाकले न्हाई. आता ते मला सहन होत नाही. वाकणे तुला त्या दिवशी शक्यच नव्हते.

निकाल थायलंडचा लागला. दुसऱ्या सकाळी तू आकडा सांगितलास, सहासष्ट. पाठ धरलीय, असेही म्हणालीस, मशीनवर बसवत नाही. मी म्हटले की मागचीच चूक केलीस, एकदाच वजा कर, सदुसष्ट असेल; आणि एखादा इंच वयाने जातोच; आणि पाठीसाठी ते स्टूल बदल. तीन वाक्यांत मी तुला तपासून मोकळी झाले. वहीत सहासष्टवर रेघ आहे. शेजारी सदुसष्ट. रेघ या वेळी जरा हलली आहे.

सप्टेंबरमध्ये तू कपड्याचा गठ्ठा उचलताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस. परभणीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पाठीच्या कण्याचे चित्र प्रकाशावर धरून दाखवले: अस्थिमज्जेचा आजार, आणि त्याने पोखरलेले तीन मणके एकमेकांत खचलेले. ते पुष्कळ दिवसांपासून खचत आले असावेत, ते म्हणाले. मग त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, गेल्या वर्ष-दीड वर्षात उंची कमी झाल्यासारखी वाटली होती का? कुणी मोजली होती का?

मी तोंड उघडले. तू माझ्याआधी बोललीस. "माझा टेपच खराब हाय, साहेब. त्याच्या मापाचं काय धरून बसता."

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. चौदा बायांसमोर सांगितलेस तेच पुन्हा, दुसऱ्या शब्दांत. तुला ठाऊक होते का? की मी म्हणते म्हणजे तुझीच चूक असणार, असे तू खरोखर धरून चालली होतीस? मी कधी विचारले नाही. डॉक्टर बाहेर मला म्हणाले की वर्षभर आधी आला असता तर औषधाला अधिक वेळ मिळाला असता. किती, असे मी विचारले. ते म्हणाले, तो आकडा कुणी सांगू शकत नाही.

ऑक्टोबरमध्ये तुझी लुगडी न्यायला मी या खोलीवर आले. चौकटीवर सगळ्या खुणा होत्या, एकीखाली एक, शेजारी तुझ्या अक्षरात देश. मी बाजारातून पोलादी टेप आणला, ज्याला शून्य आहे, आणि जमिनीपासून मोजले. चेकिया, सदुसष्ट. थायलंड, सहासष्ट. तुझी दोन्ही मापे बिनचूक होती, आत्या. वाकडी वही, चाचपडणारा हात, एकपासून सुरू होणारा टेप, दुखणारी पाठ, आणि तरीही अर्ध्या इंचाचा फरक नाही. चूक फक्त खोडून लिहिलेल्या आकड्यांत होती, आणि ते माझे होते.

हे मी तुला सांगायला हवे होते. त्यानंतर साठहून अधिक दिवस तू होतीस. तुझ्या उशाशी बसून मी तुला बातम्या वाचून दाखवल्या, सोनारगल्लीच्या काकूंची नक्कल केली, तुझे केस विंचरले. नोव्हेंबरमध्ये एकदा तू म्हणालीस, आता किती उरले असेन गं मी? आणि स्वतःच हसलीस: "आता पायजे होतं जिंतूरवालं. टोपी ओढायचं काम पडलं नसतं." मी हसले. तीच वेळ होती. वाक्य तोंडाशी आले होते, तुझं माप बरोबर होतं. मी म्हटले, पाणी देऊ का? तू म्हणालीस, दे.

वही कशासाठी जपलीस, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मालगाडीने नेले ते नेलेच. मी माझे एक उत्तर तयार केले आहे, ते बरोबर आहे की नाही हे तपासायला तू नाहीस. मला वाटते, स्पर्धेला तू कधीच मोजपट्टी मानले नाहीस. ती किती चुकीची आहे हे तुला माझ्याहून नेमके ठाऊक होते आणि तू तेवढे वजा करून वाचत होतीस. झगा वजा, मुकुट वजा, परीक्षक वजा. उरायची ती ओळीत ताठ उभी असलेली एक उंच मुलगी, आणि तिच्यापुढे मोकळी सोडलेली जागा, पुढे तिचे काय झाले ते लिहायला.

बारा तारखेला दुपारी तुला वालूरला आणले. अंगणात तिरडी बांधायला माणसे बसली होती. बाबूकाका, ज्यांच्या शेतातून बांबू आले होते, मोठ्याने म्हणाले की शकूअक्का लय उंच, नेहमीच्या मापाने भागणार नाही, हातभर जास्त ठेवा. सगळ्यांनी मान हलवली. गावाच्या लेखी तू अजून एकोणसत्तर होतीस. कोयता उचलला गेला.

मी पिशवीतून तुझा टेप काढला आणि म्हणाले, "थांबा. मोजून घेते."

अण्णा ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. ते म्हणाले, "आता काय मोजायचं ऱ्हायलं, माय?" पण त्यांनी मला अडवले नाही, उलट जवळ येऊन तुझ्या टाचांपाशी टेपचे कापलेले टोक धरून बसले. बाबूकाकांनी कोयता खाली ठेवला.

टाचेपासून साठच्या रेघेपर्यंत एकदा. तिथे मी बोट ठेवले आणि टेप पुन्हा लावला, तुझ्या डोक्यापर्यंत. सात. घाई केली नाही. बाबूकाकांना आकडा सांगितला, त्यांनी तेवढे धरून बांबू तोडले, आणि मग मी वहीचे मागचे पान उघडून, खोडलेल्या दोन ओळींच्या खाली, तारीख घातली. साठ आणि सात, सदुसष्ट. टेप दोनदा लावला, दोनदा वजा केले.

पासष्ट.